स्वतः जुळवलेला गेमिंग पीसी ऑनलाइन विकायचाय, किंमत, डेटा, पॅकिंग... सगळ्याच बाबतीत सल्ला हवाय

निशाचर०७

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. २०२१ च्या सुरुवातीला मी सुटे भाग गोळा करून एक गेमिंग पीसी जुळवला होता. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३६०० ची ३२ जीबी रॅम (१६ च्या दोन स्टिक), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगवाला पॉवर सप्लाय आणि एका बाजूला काच असलेली कॅबिनेट. आता कामामुळे सतत फिरतीवर असतो, लॅपटॉप घेतलाय, आणि हा बिचारा दोन महिने टेबलावर चादर टाकून पडलाय. जीव होत नव्हता पण शेवटी विकायचं ठरवलं.

चार दिवसांपूर्वी जाहिरात टाकली, कॉन्फिगरेशन लिहिलं, एक फोटो लावला आणि मला जेवढ्याला पडला त्याच्या ७० टक्के किंमत लिहिली. आत्तापर्यंत २३ मेसेज आलेत, त्यातले पंधराएक नुसते 'आहे का?' म्हणून, उत्तर दिलं की गायब. चार-पाच जणांनी पीसी न बघताच 'फायनल किती?' विचारलं. एकाने सांगितलं की ह्या पैशात मी नवीन घेईन. मला राग आला खरं तर, कारण तेव्हा कार्डांचा तुटवडा होता, ते कार्ड मिळवायला मी किती दिवस रोज रात्री स्टॉक बघत बसायचो ते मलाच माहीत. अख्खा विकावा की सुटा? किंमत कशी ठरवायची? एसएसडी सकट द्यावा का? ज्यांनी विकलाय त्यांनी सांगा प्लीज.

पंखाफिरतोय

तुम्ही किती दिले ते आधी डोक्यातून काढून टाका. कडू वाटेल पण सगळं इथेच अडतं. घेणारा तुमच्या २०२१ च्या बिलाशी तुलना करत नाही, आज तेवढ्याच पैशात नवीन काय येतं त्याच्याशी करतो. आणि तुम्ही तर नेमके सगळ्यात वाईट काळात घेतलंय, तेव्हा कार्डं मूळ किमतीच्या दुप्पट-अडीचपटीने जात होती, तो जास्तीचा पैसा तुमच्याकडून गेला तो गेला, तो पुढच्या माणसाकडून वसूल होणार नाही.

मी असं करतो बघा. एकेक भाग घ्यायचा आणि आज साधारण तेवढाच परफॉर्मन्स देणारा नवा भाग केवढ्याला पडतो ते बघायचं. तोच भाग नव्हे, तेवढंच काम करणारा भाग. ३०६० टीआय नवीन आता मिळणंच कठीण, पण तेवढे फ्रेम देणारं सध्याच्या पिढीतलं खालच्या नंबरचं कार्ड वॉरंटीसकट मिळतं, आणि ते वीजही कमी खातं. म्हणजे तुमच्या कार्डाची वरची मर्यादा तिथेच ठरली, त्याच्या बरीच खाली तुम्हाला यावं लागणार. मी साधारण त्या नव्या भागाच्या किमतीच्या ५५-६० टक्क्यांपासून सुरू करतो, वॉरंटी शिल्लक असेल तर थोडं वर. आणि जाहिरातीत लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, मागायला काय कोणीही काहीही मागतो, विकल्या गेलेल्या मालाचे भाव कुठे दिसत असतील तर ते बघा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. रॅम. २०२५ च्या शेवटाकडे मेमरीचे भाव जे चढले (डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतायत म्हणून) त्यात डीडीआर४ पण महाग झाली. त्यामुळे जुन्या अंदाजाने ३२ जीबी स्वस्तात देऊन टाकू नका, आजचा भाव बघूनच लावा.

सुट्टेभाग

मी कायम सुटंच विकतो आणि कायम जास्त मिळालेत. कार्ड, प्रोसेसर, रॅम हे तीन भाग दोन-तीन दिवसांत जातात. प्रत्येकाला अख्खा पीसी नको असतो, कोणाला नुसतं कार्ड बदलायचं असतं.

पंखाफिरतोय

@सुट्टेभाग, जास्त मिळतात मान्य, पण मागे काय उरतं ते पण सांगा ना. मदरबोर्ड, कॅबिनेट, कूलर, पॉवर सप्लाय. कॅबिनेट तर पाठवायचा खर्च जोडला की कोणी घेतच नाही, माझ्याकडे दोन रिकाम्या पडल्यात. शिवाय पाच-सहा माणसांशी बोलणं, पाच-सहा पार्सलं, आणि उद्या कोणाचं काही चाललं नाही की 'तुमचा भाग खराब' हे ऐकून घेणं. त्याच्या बोर्डवर ती रॅम का चालत नाही हे तुम्ही फोनवरून कसं शोधणार?

सुट्टेभाग

तेही खरंय. बोर्ड शेवटपर्यंत राहतो. मी बोर्ड + प्रोसेसर + रॅम असा एकत्र संच देतो, म्हणजे तपासून देता येतो आणि घेणाऱ्यालाही जुळतं की नाही ही चिंता नाही.

पण सुटं करणार असाल तर निशाचर, एक कळकळीने सांगतो, कूलर काढताना घाई करू नका. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला (तुमचा त्यातलाच) पिना खाली प्रोसेसरलाच असतात (इंटेलच्या आणि एएम५ च्या बाबतीत पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात). मी एकदा थंड पीसीचा कूलर सरळ वर ओढला, आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) वाळून चिकटली होती, सॉकेटची दांडी बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला. उलटा करून बघितलं तर कोपऱ्यातल्या सात पिना वाकलेल्या. रात्री दोनपर्यंत बसून मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं टोक एकेका पिनेवर घालून सरळ केल्या, सहा झाल्या, सातवी तुटली. त्या प्रोसेसरचे पैसे बुडालेच पण आधी ज्याला शब्द दिला होता त्याला नाही म्हणताना जास्त वाईट वाटलं. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून प्रोसेसर चांगला गरम करा, मग पीसी बंद करून वायर काढा, स्क्रू सैल करून कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला.

चित्रा_रेंडर

मी घेणाऱ्या बाजूची. थ्रीडीच्या कामासाठी मागच्या वर्षी एक जुना पीसी घेतला, त्याआधी महिनाभर जाहिराती बघत होते. तुमची जाहिरात (एक फोटो + कॉन्फिगरेशन) मी असती तर उघडून बंद केली असती, रागावू नका. एका फोटोवरून मला काय कळणार? मशीन आज चालू आहे का हेसुद्धा कळत नाही.

मी ज्याच्याकडून घेतला त्याने काय केलं होतं ते सांगते. काच काढून आतले सात-आठ फोटो, स्वच्छ उजेडात, आरजीबी दिवे बंद करून, कारण लाल-निळ्या उजेडात धूळ आणि गंज दोन्ही लपतात. कार्डाचे पोर्ट जवळून. एका फोटोत कागदावर त्या दिवशीची तारीख. मग एक सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही कट नाही, बंद मशीनचं बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंत, मग जीपीयू-झेड उघडून कार्डाची माहिती (बायोस म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम बदलून मोठं नाव दाखवणारं नकली कार्ड असेल तर बहुतेक वेळा तिथे नावाआधी 'फेक' असं येतं), मग क्रिस्टलडिस्कइन्फो मध्ये एसएसडीची हेल्थ, किती तास चालली, एकूण किती डेटा लिहिला गेला. नंतर अर्धा तास स्ट्रेस टेस्ट आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो मध्ये तापमान, कार्डाचं नेहमीचं आणि हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) दोन्ही, कारण दोघांत फार अंतर असेल तर पेस्ट वाळली किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही असं समजायचं. मी तो व्हिडिओ दोनदा पूर्ण बघितला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने स्वतःहून लिहिलं होतं की समोरचा एक यूएसबी पोर्ट चालत नाही आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात टवका आहे. त्याच्यापेक्षा स्वस्त दोन मशीन होती, मी त्याचंच घेतलं. टवक्याबद्दल सांगणारा माणूस बाकीचंही खरं सांगत असणार असं वाटलं, आणि तसंच निघालं.

केबलगुंता

वाचनखूण साठवली. मलाही विकायचाय.

निशाचर०७

सगळ्यांचे आभार. अख्खाच विकायचा ठरवतोय, पिनांचं वाचून घाबरलो खरंच.

चित्राताई, तुमच्या प्रतिसादावरून एक गोष्ट विचारायची आहे. मागचा एक पंखा वेग घेताना घुं घुं करतो, ते लिहीनच. पण दुसरी गोष्ट अशी की २०२१ मध्ये साधारण चार महिने मी रात्री ह्या कार्डावर मायनिंग (कार्ड राबवून क्रिप्टोचलन कमावणं) केलं होतं. तेव्हा सगळेच करत होते. त्यानंतर फक्त गेम. कार्ड आजही एकदम व्यवस्थित आहे, एकदाही क्रॅश नाही. हे सांगायचं का? सांगितलं तर कोणी घेणारच नाही असं एक मित्र म्हणतो.

फ्रेमपडली

कशाला सांगायचं? कोणी विचारलं तर बघू. चार महिने म्हणजे काहीच नाही.

चित्रा_रेंडर

सांगा. प्लीज सांगा. तसंही ज्याला माहिती आहे तो २०२१ चं कार्ड म्हटल्यावर तेच विचारणार आहे. मे २०२१ पासून एनव्हिडियाने ३०६० टीआय, ३०७०, ३०८० ची मायनिंगचा वेग कमी केलेली एलएचआर आवृत्ती आणायला सुरुवात केली, म्हणजे तुमचं कार्ड त्याच्या आधीचं, बिनमर्यादेचं. तुम्ही गप्प बसलात तर समोरचा चार महिन्यांच्या जागी दीड वर्ष धरून चालेल.

पंखाफिरतोय

चित्रा यांच्याशी १०० टक्के सहमत, आणि @फ्रेमपडली, असं नका सांगू कोणाला. ज्याचे साठवलेले पैसे जाणारेत त्याला कळायला हवं.

मायनिंगबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे ती थोडी समजून घ्या म्हणजे जाहिरातीत नीट लिहिता येईल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम हे क्रिप्टोचलन प्रूफ ऑफ स्टेकवर (ह्यात मायनिंग लागत नाही) गेलं आणि कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं, मग हजारो कार्डं एकदम जुन्या बाजारात आली, त्यात रॅकवर चोवीस तास तापलेली पण होती, तेव्हापासून 'मायनिंगचं कार्ड' ही शिवी झाली. खरं म्हणजे नीट चालवणारे पॉवर लिमिट कमी करूनच चालवायचे, आणि सतत एकाच तापमानाला चाललेली चिप बऱ्याचदा ठीक असते. झिजतात ते पंख्यांचे बेअरिंग आणि सुकतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. म्हणजे तपासायचं काय तर पंखे हाताने फिरवून बघा, खरखर येते का, डुगडुगतात का, आणि लोडवर तापमान किती जातं. तापमान चांगलं असेल तर उगाच पेस्ट आणि पॅड बदलायला कार्ड उघडू नका, पॅडची जाडी मिलिमीटरच्या अर्ध्याने चुकली तरी मेमरीला किंवा चिपला हीटसिंक टेकत नाही, आणि काही कंपन्या उघडलेल्या कार्डाची वॉरंटीपण नाकारतात.

तुम्ही सरळ लिहा, 'मे पर्यंत चार महिने रात्री मायनिंग, नंतर फक्त गेम, आजची तापमानं व्हिडिओत बघा'. आणि तो घुं घुं करणारा पंखा सरळ बदलून टाका, १२० मिमीचा साधा पंखा बसवायला पाच मिनिटं लागतात आणि चालू करताच जो आवाज येणार नाही त्याचा फार फरक पडतो.

तिजोरी_८जीबी

एसएसडीचा विषय राहिलाच म्हणून टंकतोय. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणं म्हणजे डेटा पुसणं नव्हे, आणि साधा क्विक फॉरमॅट पण नव्हे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पूर्ण ओव्हरराइट केलं की काम व्हायचं, एसएसडीला ते लागू नाही, कारण कंट्रोलर झीज सारखी वाटण्यासाठी लिहिण्याची जागा आतल्या आत बदलत राहतो, तुम्हाला वाटतं तुम्ही त्याच जागी लिहिलं पण लिहिलं जातं भलतीकडेच. म्हणून बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज असतं किंवा एसएसडीच्या कंपनीचं टूल मिळतं, ते वापरा. ते नसेल तर आधी विंडोजच्या बिटलॉकरने पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करा आणि मग विंडोज रिसेटमध्ये सगळं काढायचा आणि ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय घ्या.

त्याआधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. गेमचे सेव्ह सगळेच क्लाउडवर जात नाहीत, माझ्या भावाचं गेममधलं सहा वर्षांचं एक शहर त्यात गेलं, अजून बोलून दाखवतो. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याच पीसीवर असेल तर फोनवर हलवा.

विंडोजची की रिटेल (सुटी विकत घेतलेली) असेल तर दुसऱ्या मशीनवर नेता येते, ओईएम (मशीनबरोबर येणारी) असेल तर ती त्याच बोर्डशी बांधलेली, तिथेच राहते. जाहिरातीत काय आहे ते लिहा. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ५६००एक्सवर ११ व्यवस्थित चालतं, तर रिसेट करताना ११ च टाकून द्या, घेणाऱ्याच्या डोक्याचा एक ताप कमी. शेवटी तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ते डिव्हाइस काढायला विसरू नका.

दोनदापोळलो

पैशांबद्दल बोला कोणीतरी. मी दोनदा पोळलोय.

पहिल्यांदा घेणाऱ्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, मी पार्सल कुरियरला दिलं, पैसे कधी आलेच नाहीत. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचं ॲप स्वतः उघडायचं, खात्यात रक्कम दिसली तरच माल हलवायचा. पैसे घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीही टाकावा लागत नाही, कोणी लिंक पाठवून टाकायला सांगितला तर तिथेच थांबायचं. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' हाही तसलाच प्रकार, नंतर मूळ व्यवहारच रद्द होतो आणि तुम्ही परत केलेले तुमच्या खिशातून जातात. आणि न बघता, घासाघीस न करता, लगेच पूर्ण किंमत मान्य करणारा माणूस मला आता सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतो.

दुसऱ्यांदा कार्ड विकलं, आठवड्याने 'चालत नाही' म्हणून परत आलं. मॉडेल तेच, पण माझ्या कार्डाच्या ब्रॅकेटवर एक ओरखडा होता तो ह्याच्यावर नव्हता. माझ्याकडे सिरीयल नंबरचा फोटो नव्हता. मी ओरडत राहिलो पण सिद्ध काय करणार? त्या साइटने त्याला पैसे परत दिले आणि माझ्याकडे एक मेलेलं कार्ड राहिलं. तेव्हापासून प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर आणि बॉक्स बंद करण्याचा सलग व्हिडिओ घेतो. सिरीयलचा फोटो जाहिरातीत पूर्ण टाकू नका मात्र, शेवटचे काही आकडे झाका, तो नंबर वापरून दुसराच कोणी वॉरंटी मागू शकतो.

जमत असेल तर समोरासमोर द्या. घरी बोलवायचं नसेल तर जिथे प्लग मिळेल, माणसं असतील अशा ठिकाणी भेटा, आणि एकटे जाऊ नका.

केबलगुंता

आणि लांबच पाठवावा लागला तर?

पंखाफिरतोय

तर कार्ड बाहेर काढूनच पाठवायचं. ह्यात दुसरं मत नाही. माझ्या मित्राने कार्ड आत ठेवून पाठवला, कुरियरवाल्यांनी बॉक्स आडवा-उभा आपटला असणार, उघडला तर कार्ड काचेवर पडलेलं, काचेचा चुरा आणि बोर्डवरचा स्लॉट एका टोकाने उखडलेला. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, त्यावर बबल रॅप (बबल रॅप थेट कार्डाला लावू नका, त्याने स्टॅटिक तयार होतो), आणि मिळालं तर त्याच्या मूळ खोक्यात. उंच टॉवर कूलर असेल तर तोही काढा, मोठे किलोच्या वर असतात, सगळा भार बोर्डवर लोंबकळतो. आत उरलेली पोकळी फोमने भरा, पिशवीत फुगणारा पॅकिंग फोम सगळ्यात चांगला. चुरगळलेले कागद चालतात पण वाटेत दबतात. कॅबिनेट तिच्या खोक्यात आणि ते खोकं अजून एका मोठ्या खोक्यात.

आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायच्या सगळ्या केबल त्याच्याबरोबरच द्या, न वापरलेल्यासुद्धा. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल दिसायला तीच दिसते, बसतेपण, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, चुकीची लावली तर ड्राइव्ह जळतात.

निशाचर०७

धागा वर काढतोय, अपडेट द्यायला. तीन आठवडे झाले. विकला गेला!

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. किंमत नव्याने मांडली, माझ्या पहिल्या आकड्याच्या बरीच खाली आली, तो आकडा टाईप करताना दोन मिनिटं हात अडला. मागचा पंखा बदलला, धूळ साफ केली (पंखे बोटाने धरून, हवेच्या झोताने भरकन फिरू न देता), बायोसमध्ये बघतो तर एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद पडलेलं, रॅम इतके दिवस २१३३ वरच चालत होती! कधीतरी बायोस अपडेट केलं तेव्हा गेलं असणार. ३६०० चालू करून रात्रभर मेमटेस्ट लावला, एकही एरर नाही, त्याचाही फोटो टाकला. मायनिंगचं तिसऱ्याच ओळीत लिहिलं. बोर्डमध्ये पुढे ५७००एक्स३डी हा वरचा प्रोसेसर बसू शकतो हेही लिहिलं. मेसेज कमी आले, फक्त नऊ, पण त्यातल्या सहा जणांनी खरे प्रश्न विचारले.

घेणारा कॉलेजचा मुलगा, वडिलांना घेऊन आला होता. वडील बाजूला बसून फक्त बघत होते, मुलाने दीड तास सगळं तपासलं, स्वतःच्या पेनड्राइव्हवर टेस्ट आणल्या होत्या. निघताना वडिलांनी मला विचारलं, 'तुम्ही मायनिंगचं लिहिलं नसतं तर ह्याला कळलं असतं का?' मी म्हटलं, कदाचित नाही. ते नुसतं बरं म्हणाले आणि पैसे आमच्यासमोर ट्रान्सफर केले, जाहिरातीतल्यापेक्षा फक्त ४ टक्के कमी.

पण गंमत पुढेच आहे. रात्री साडेअकराला मुलाचा फोन, आवाज रडवेला, 'दादा, पंखे फिरतायत पण स्क्रीनवर काहीच येत नाही.' माझ्या पोटात गोळा आला. गाडीत हादरून कार्ड निसटलं का, रॅम हलली का, सगळे विचार. मग त्याला व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखवायला सांगितली. एचडीएमआय केबल वरच्या पोर्टला, म्हणजे मदरबोर्डच्या. ५६००एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणारच नाही. म्हटलं खाली आडव्या पोर्टना लाव, कार्डाच्या. दोन सेकंद शांतता आणि मग मागून आईचा आवाज, 'आलं बाई!'

तर पुढे ज्यांना विकायचाय त्यांनी मदरबोर्डच्या त्या पोर्टवर टेप लावून द्या.

पंखाफिरतोय

अभिनंदन! फार बरं वाटलं वाचून. टेपची कल्पना मीपण वापरणार आता.

चित्रा_रेंडर

अभिनंदन निशाचर. त्या मुलाला सगळं साहित्य दिलंत ना, बोर्डचं खोकं, जास्तीचे स्क्रू वगैरे? माझ्या वेळी दुसरी एसएसडी बसवायला तो एम.२ चा बारका स्क्रू नव्हता, त्यासाठी चार दिवस अडून बसले होते.

निशाचर०७

हो ताई, सगळं. एम.२ चा स्क्रू आणि त्याचा स्टँडऑफ वेगळ्या पुडीत घालून वर नाव लिहून दिलंय.